घोडाछाप छिन्नी

माझ्या पुतण्याचा, रघुनाथचा, सांगलीला छोटा कारखाना आहे. मागल्या महिन्यात तो रंगीत चित्रांचं एक जाड पुस्तक आणि नमुन्याची एक पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, ही परदेशी हत्यारं बघ. आपल्याकडच्यापेक्षा दसपट महाग. घेऊ का नको?" घरातली जाणती माणसं एका सुरात म्हणाली, "नको रं बाबा, त्या छिन्नीनं तुझ्या काकांचा डोळा खाल्ला, इसरलास का?" मी काही बोलले नाही. चाळीस वर्षं बोलले नाही, तशीच गप्प बसले. मग आमच्या गावच्या पोरांनी दिवाळी अंक काढायचा ठरवला आणि मला म्हणाली, आजी, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा. म्हटलं, चला, तोंडानं होत नाही ते हातानं करू. हात माझा तसा पहिल्यापासून चालतो.

मी लोहाराची मुलगी आणि लोहाराची बायको. लोहार म्हटलं की लोकांना ऐरणीपाशी बसलेला बाप्या दिसतो. त्याच्या समोर उभी राहून घण मारणारी बाई कुणाला आठवत नाही. आमच्यात घण बाईच मारते. सात शेरांचा घण, डोक्यावरनं फिरवून आणायचा आणि बोटभर जागेवर टाकायचा. लग्नात मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी चहा-पोहे बाजूला ठेवले नि म्हणाले, "पोरी, दहा घाव घाल बघू." मी पंधरा घातले. तिथंच लग्न ठरलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, घण मारायला ताकद लागते. ताकद लागतेच, पण त्याहून जास्त कान लागतात. लोहार एका हातात सांडशीनं तापलेलं लोखंड धरतो, दुसऱ्या हातात लहान हातोडी. हातोडीनं तो जिथं टिचकी मारील तिथं घण पडला पाहिजे. टिचकी जोरात तर घाव जोरात, हलकी तर हलका. हातोडी ऐरणीच्या नाकावर आडवी वाजली की थांबायचं. तोंडानं एक शब्द नाही. आम्ही नवरा-बायको दिवसभर असंच बोलायचो. दुसरं बोलणं आमच्यात फार नव्हतंच. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, मी अजूनही घेत नाही. 'हे' म्हणेन, तेवढ्यावर ओळखा.

आता 'पाणी देणं' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुऱ्हाड असो, खुरपं असो, नुसतं ठोकून धार काढली तर ती दोन दिवसांत वळते. म्हणून धारेचं टोक लाल करायचं आणि तेवढंच पाण्यात बुडवायचं. ते काचेसारखं कडक होतं. मग दगडावर घासून चकाकी आणायची आणि सावलीत धरून बघत बसायचं. मागची ऊब पुढं सरकते तसे लोखंडावर रंग चालत येतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग खजुरी, मग जांभळा, मग मोराच्या गळ्यासारखा निळा. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबवायचं, छिन्नीला जांभळ्यावर. त्या रंगाला पुन्हा पाण्यात बुडवलं की तो गुण तिथंच बसला. चार श्वासांचा खेळ. अलीकडं झालं तर तुटतं, पलीकडं गेलं तर वाकतं. ह्यांचा डोळा त्या रंगात पक्का होता. कराडपासून तासगावपर्यंत ह्यांच्या पाण्याचं नाव होतं.

एकदा आटपाडीकडचा एक धनगर मेंढरं कातरायची कातर घेऊन आला. तीन दिवस चालत आलेला, पायताणाला तीन ठिकाणी दोरी. आल्या आल्या म्हणाला, "लोहारा, चौघांकडं जाऊन आलो. चौघांनीबी पानी दिलं. धार कुनीच दिली न्हाई."

हे म्हणाले, "कातर कितीची?"

"आज्यानं केल्याली. फुकटची."

"मंग चांगली आसंल."

पाणी दिलं. धनगरानं आपल्या घोंगड्याचा एक लोकरीचा धागा उपसला, तोंडानं धरला आणि कातर नुसती टेकवली. धागा दोन. म्हातारा हसला. म्हणाला, "गड्या, माझ्या मेंढरास्नी आता थंडी वाजंल!" जाताना ह्यांच्या ऐरणीच्या पाया पडला. ह्यांनी मला त्या दिवशी टिचकी सोडून तोंडानं एक वाक्य ऐकवलं. "हत्यार केवढ्याला आनलं त्ये इचारू नये. पानी कुनी दिलं त्ये इचारावं." मला फार अभिमान वाटला होता. तो अभिमानच पुढं आम्हाला घेऊन बुडाला.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठी, वाळव्याच्या बाजूला. त्या वेळी ते सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली म्हणजे वेगळं संस्थान, राजाचं राज्य. लोखंड मिळत नव्हतं. मोडक्या लॉऱ्यांचे पाटे तोडून आम्ही त्याचे फाळ नि कुऱ्हाडी करायचो. पाटा म्हणजे लॉरीच्या चाकावर कमानीसारखी पोलादाची पट्टी असते ती. फार चिवट. आमच्या छिन्न्यांची तोंडं त्यावर वळून जायची.

तशात गावातल्या तात्यांचा उसाचा चरक ऐन गुऱ्हाळात बंद पडला. मोठे बागायतदार, ऊस तोडून फडात पडलेला, रस काढायचा लोखंडी चरक अडकलेला. लाटांमध्ये, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या रुळांमध्ये, एक जाड पोलादी खुंटी बसली होती, ती वाकून रुतली होती. ती तोडल्याशिवाय लाट निघेना. आम्ही दोन दिवस झगडलो. आमच्या सात छिन्न्या बोथट झाल्या. खुंटीवर नुसते ओरखडे.

तात्या काठी आपटत म्हणाले, "आरं, माझा ऊस वाळाय लागला. तुझ्या पान्याचं लय नाव ऐकतो मी. ह्या खुटीला त्ये ठावं न्हाई वाटतं?"

ह्यांचं तोंड उतरलं. रागानं नव्हे, लाजेनं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी गाडी जुंपली आणि आम्हा दोघांना सांगलीला पाठवलं. मी का? कारण घाव मी घालणार. माझ्या घणाला बसेल अशी छिन्नी हवी होती.

सांगलीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात आण्णा म्हणून जैन व्यापारी होते. गोड माणूस. त्यांनी फळीवरनं एक लाकडी पेटी काढली. आत मेणकागदात गुंडाळलेली छिन्नी. लढाईच्या आधीचा विलायती माल, शेवटचा नग. वीतभर लांब, अंगावर घोड्याचा शिक्का, चकाकी अशी की बघणाऱ्याचा श्वास तिच्यावर उमटावा. किंमत म्हणाल तर आमच्या बारा छिन्न्यांची. ह्यांनी ती हातात घेतली, नखानं वाजवली, कानाला लावली. आणि परत देईनात.

तिच्याबरोबर एक कागद होता. वर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, खाली बारीक इंग्रजी. आण्णा म्हणाले, "ह्यात समदं लिवलंय बगा. कुनाकडनं तरी वाचून घ्या."

मी म्हटलं, "तुमीच सांगा की आण्णा."

"मला कुठलं विंग्रजी येतंय बाई! मी घोडा बघून इकतो."

सगळे हसलो. हे म्हणाले, "मला पोलाद वाचता येतंय. कागुद कशाला?"

आता छिन्नी कशी होती ते ऐका. मी ह्या गोष्टीत एवढं एकच सुखाचं सांगणार आहे. ह्यांनी वेताच्या मुठीत ती धरली, खुंटीवर टेकवली, टिचकी मारली. मी घाव घातला. घण परत उडाला नाही. घाव आत गेला. लोण्यात नाही, लोण्यात म्हणणं खोटं होईल, पण कच्च्या पेरूत सुरी जावी तसा. अकरा घावांत खुंटी तुटली. छिन्नीची धार बघितली तर आरशासारखी. तात्यांनी काठी खाली टाकून टाळी वाजवली. पैसे त्यांनीच भरले होते, छिन्नी आम्हाला बक्षीस दिली. घरी येताना हे छिन्नी मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू घ्यावं तशी.

मग त्या एका छिन्नीनं आम्ही वर्षभर लॉरीचे पाटे तोडले. दिवसाचं काम घटकेत व्हायला लागलं. माझ्या खांद्याची दुखणी थांबली. महाग हत्यार परवडतं का, असं विचारणाऱ्याला मी त्या वर्षीचा माझा खांदा दाखवला असता.

तो घोड्याचा कागद मला टाकवेना. मी कणकेची खळ केली आणि भट्टीच्या मागच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी चिकटवला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली तेव्हा ऐरणीला, घणाला, छिन्नीला कुंकू लावलं आणि त्या घोड्यालाही लावलं. त्या कागदाला मी हात जोडले होते हो. वाचला नाही, पुजला.

वर्षानं छिन्नी जराशी बोथट झाली. नुसती दगडावर घासली असती तरी भागलं असतं. पण आमच्यात बोथट हत्यार भट्टीत जातं. तापवायचं, ठोकून धार काढायची, नवं पाणी द्यायचं. ह्याला आम्ही शेवटणं म्हणतो. हजार फाळ, हजार कुऱ्हाडी ह्यांनी अशाच शेवटल्या होत्या. आणि मला वाटतं, ह्यांच्या मनात वर्षभर एक सल होता. सगळे छिन्नीचं कौतुक करत होते. तिच्यात ह्यांचं काही नव्हतं. पाणी दुसऱ्या कुणाचं होतं, समुद्रापलीकडच्या.

मी म्हटलं, "आवं, घासून बघा की आधी."

"इलायती पान्यात मी माजं पानी घालतो. मंग बघ कशी चालती."

तापवली. ठोकताना लोखंड हाताला वेगळं लागत होतं, घणाला जड. ह्यांनी लालबुंद टोक पाण्याच्या डोणीत घातलं. चर्र झालं आणि त्या चर्र मध्ये एक बारीक आवाज आला. टिच्. मडक्याला तडा जाताना येतो तसा, पण सुईएवढा.

मी म्हटलं, "काय वाजलं?"

"पानी वाजतंय."

"पान्याचा आवाज न्हवं त्यो."

हे हसले. "घन मारायचं काम तुजं. कान मी देतो."

माझे कान! ज्या कानांवर दिवसभर ह्यांच्या हातोडीचं बोलणं चालायचं ते कान. मला तिथंच हटून बसायला पाहिजे होतं. छिन्नी काढून घेऊन कोळशाच्या ढिगात फेकायला पाहिजे होती. ह्यांनी नेहमीसारखी जांभळ्यावर थांबवून ती पुन्हा बुडवली, आणि मी पदर खोचला नि घण उचलला.

लॉरीचा पाटा ऐरणीवर ठेवला. ह्यांनी छिन्नी टेकवली, वाकून बघितलं, टिचकी मारली. जोरात. म्हणजे घाव जोरात. मी घातला. छिन्नीच्या तोंडाचा एक कपचा उडाला, करवंदाएवढा. पाट्यावर पडला असता, जमिनीत गेला असता, माझ्या पायात घुसला असता. तो ह्यांच्या डाव्या डोळ्यात गेला.

हे ओरडले नाहीत. हातोडी ऐरणीच्या नाकावर आडवी वाजवली. थांब, म्हणून.

मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. डोळा गेला. घरी आणल्यावर गावचे हवालदार बघायला आले. फौजेतले, सुट्टीवर आलेले, मोटारीच्या वर्कशॉपात काम केलेले, इंग्रजी मोडकंतोडकं वाचणारे. चहा पिता पिता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"ह्यो कागुद काय देवाचा हाय?"

मी म्हटलं, "छिन्नीबरुबर आल्याला. घोडा छान हाय म्हनून लावला."

हवालदार उठले, कुंकू बोटानं पुसलं आणि ओठ हलवत वाचायला लागले. मग म्हणाले, "वैनी, ह्यात लिवलंय, बोथट झाली तर घासावी. तापवायचीच आसंल तर पान्यात बुडवू नये. तेलात बुडवावी. पान्यात घातली तर तडकती." त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "लाल अक्षरात लिवलंय."

हे खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. एका डोळ्याला पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी आधी कागदाकडं बघितलं, मग डोणीकडं, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघितलं ते मी अजून सोसते आहे. त्यात राग नव्हता. तुला ऐकू आलं होतं, असं होतं ते.

मग हवालदारांना म्हणाले, "गड्या, ह्ये हितंच ऱ्हाऊ दे." आणि मला म्हणाले, "त्यो कागुद काढ."

मी विळ्यानं खरवडला. खळ पक्की बसली होती. अक्षरं निघाली, घोड्याचे मागचे पाय निघाले नाहीत. पुढची दिवाळी येऊन चुना मारेपर्यंत ते भिंतीवर होते.

त्यानंतर जो भेटायला यायचा त्याला हे सांगायचे, "इलायती माल. वरनं चकाकी, आतनं नासका. डोळा खाल्ला माजा." आणि मी चहा आणून ठेवायची. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, मग ते गावाचंच बोलणं झालं. पाच गावांत कुणी महाग हत्यार घ्यायचं म्हटलं की दुसरा म्हणायचा, लोहाराचा डोळा बघून ये.

तसा आमचा विठू सुतार आला. गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा असतो ना, त्याला आरपार भोक पाडायला त्याला विलायती गिरमीट घ्यायचं होतं. त्यानं सांगलीला आण्णांकडं बघूनही ठेवलं होतं. उमदा, हातात कला असलेला माणूस. विचारायला आला, "दादा, घेऊ का?" ह्यांनी पट्टी वर केली. विठूनं माझ्याकडं बघितलं. "वैनी, तुमी काय म्हंता?"

माझ्या हातात घण होता. मी म्हटलं, "ह्ये म्हंत्यात त्येच."

विठू जुन्याच गिरमिटानं भोकं पाडत राहिला. त्याचं भोक तिरकं जायचं, चाक वाकडं फिरायचं. शेजारच्या गावच्या सुतारानं ते गिरमीट उचललं. दोन-तीन वर्षांत सगळ्या गाड्या तिकडं गेल्या. विठू ऊसतोडीला लागला. रस्त्यात भेटला की 'वैनी, बरं हाय न्हवं' विचारायचा. त्याच्या त्या 'बरं हाय न्हवं'ला मी कधी सरळ उत्तर दिलं नाही.

आणि आमचं? ह्यांनी पुन्हा कधी पाणी दिलं नाही. एका डोळ्यानं रंग दिसतात, दिसत नाहीत असं नाही. पण छिन्नी डोणीकडं नेली की हात थांबायचा. महिनाभर गिऱ्हाइकं परत गेली. मग एक दिवस मी सांडशी हातातनं घेतली. इतकी वर्षं समोर उभी राहून मीही ते रंग बघत होते, दुसरं बघायला होतं काय? पिवळा, खजुरी, जांभळा. पहिल्याच खुरप्याला धार आली. तेव्हापासून पाणी मी द्यायची आणि ओट्यावर जाऊन गिऱ्हाइकाच्या हातात हे द्यायचे. नाव ह्यांचंच चाललं. कराड ते तासगाव. लॉरीच्या पाट्याच्या कुऱ्हाडीला मी चोरून शेंगतेलाचा डबा ठेवला होता. तेलात घातलं की धूर व्हायचा नि वास सुटायचा. लोक विचारायचे, "काय वैनी, भजी तळता का काय?" मी म्हणायची, "व्हय, या खायाला." तेल लढाईच्या दिवसांत मिळत नव्हतं, कालवणात घालायला नव्हतं, आणि मी ते पोलादाला पाजत होते. त्या कागदानं सांगितलं होतं ते मी पाळत होते, आणि तोंडानं त्याच मालाला नासका म्हणणाऱ्याला होकार देत होते.

अक्षरं मी त्याच वर्षी शिकायला लागले. गुळाच्या ढेपेवरचे शिक्के, पुड्याचे कागद, शाळेतल्या पोरांच्या फुटक्या पाट्या. कुणी शिकवलं नाही. मराठीच आलं, इंग्रजी आलं नाही. पण निदान न वाचता कशाला हात जोडायचे नाहीत, एवढं ठरवलं.

हे जायच्या आधी वर्षभर अंथरुणाला होते. एक दिवस उन्हात खाट टाकली होती, मी पाय चेपत होते. मला कुठून धीर आला देव जाणे. म्हटलं, "आवं, ती छिन्नी चांगली हुती. तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

त्यांनी पाय आखडून घेतले. मग म्हणाले, "ठावं हाय."

"मंग एकदा तरी म्हना की कुनाला."

"छिन्नी चांगली म्हटली, तर नासकं कोन त्ये सांगावं लागंल." आणि कूस बदलून त्यांनी गेलेला डोळा माझ्याकडं केला.

त्या छिन्नीचा राहिलेला तुकडा माझ्याकडं आहे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावते. चाळीस पावसाळे गेले, घोड्याचा शिक्का अजून बोटाला लागतो.

रघुनाथ, तुझी परदेशी पेटी मी उघडून बघितली. आत कागद आहे, सहा भाषांत छापलेला. त्यात आपली नाही. लाल अक्षरं मात्र आहेत. हत्यार घे. पण ती लाल अक्षरं आधी कुणाकडनं तरी वाचून घे, आणि मग घरातल्या जाणत्यांना सांग की काकूनं लिहून दिलंय, छिन्नी चांगली होती. विठूच्या पोरांनाही सांग. ती ऊसतोडीलाच असतात.